कोंडा, पेज आणि जीवनसत्त्वं



गावोगावी मंडई भरतेय, वडशाच्या नाटक कंपन्यांचे भोंगे दिवसभर फिरतायत, आणि अशा हंगामात जीवनसत्त्वांवर बोलणाऱ्या माणसाला ऐकायला तुम्ही आलात. तुमच्या धीराला नमस्कार करून सुरुवात करतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे विषय कोरडा म्हणून कुणी रागावणार नाही अशी आशा आहे. तरीही शक्यतो चुलीपासून दूर जाणार नाही.

जीवनसत्त्वं एकूण तेरा. त्यांतली ए, डी, ई आणि के ही चार तेलातुपात विरघळतात. उरलेली नऊ, म्हणजे बी गटातली आठ आणि सी, पाण्यात विरघळतात. शाळेत हे पाठ करून घेतात, पेपरात एका गुणाला येतं आणि विषय संपतो. खरं तर या नऊ जणांचं सगळं नशीब त्या पाण्याशी बांधलेलं आहे. तांदूळ धुतला की ती धुण्याच्या पाण्यात उतरतात. भाजी उकळली की उकळीत उतरतात. ते पाणी मोरीत गेलं की तीही गेली. पोटात पोचलीच, तर आतड्यातून थेट रक्तात जातात, अंगातल्या चरबीत साठून राहत नाहीत, आणि गरजेपेक्षा जास्त झाली की मूत्रपिंडं त्यांना बाहेरची वाट दाखवतात. बी-१२ एवढं एक या नियमाला अपवाद आहे. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण त्याची गोष्ट लांबलचक आहे.

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख एकच चंद्रपूर जिल्हा होता. पण ताटाचा नकाशा काढला तर जिल्हे तेव्हाही दोन होते. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हा काळ्या मातीचा, कापूस आणि ज्वारीचा पट्टा. पूर्वेला नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडची सगळी झाडीपट्टी, बांध्यांची आणि धानाची. ज्वारीचं आणि नायसिन या जीवनसत्त्वाचं एक जुनं भांडण आहे. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार होतो, आणि त्यामागे ज्वारीतलं ल्युसिन असावं, असं डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतून १९६० साली मांडलं. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. वरोऱ्याकडच्या मंडळींनी आज मला माफ करावं, मी धानाकडेच वळतो.

धानाचा दाणा हातात घ्या. वरचं तूस काढलं की आत तपकिरी तांदूळ. त्या तपकिरी रंगाची पातळ साल आणि टोकाचा इवलासा अंकुर, या दोन्हींचा मिळून होतो कोंडा. आतला पांढरा भाग जवळजवळ नुसता स्टार्च. बी-१, म्हणजे थायमिन, मुख्यतः त्या सालीत आणि अंकुरात असतं. हे जगाला कळलं ते कोंबड्यांमुळे. जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगाच्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडले, आणि काही महिन्यांनी आपोआप बरेही झाले. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. मग स्वयंपाकी बदलला, आणि नव्यानं सांगितलं की फौजेचा तांदूळ बिगरफौजी कोंबड्यांना मिळणार नाही! आइकमन यांना वाटलं, पांढऱ्या तांदळात काही विष असावं. विष वगैरे काही नाही, कोंड्याबरोबर काहीतरी गरजेचं निघून जातं, हे त्यांचे सहकारी खेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये मांडलं. १९२९ चं नोबेल मात्र आइकमन यांना मिळालं, ग्राइन्स यांना नाही. शास्त्रात हे असं चालतं.

भारतात याचा पाठपुरावा रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी कुन्नूरला केला. १९२४ साली त्यांनी नॉरिस यांच्यासोबत तांदूळ आणि बेरीबेरी यांच्या संबंधावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हा बेरीबेरीचा ठळक पट्टा होता आंध्रच्या किनाऱ्यावरचे उत्तर सरकारचे जिल्हे. तिथे धान कच्चं भरडून, पांढरंशुभ्र करून खात. ज्या भागांत धान आधी उकडून मग भरडत, तिथे भात तेवढाच खाऊनही हा आजार फारसा आढळत नव्हता.

हा फरक आपल्या राईस मिलवाल्यांना शिकवायची गरज नाही. त्यांच्या भाषेत एक अरवा, दुसरा उष्णा. उष्ण्यासाठी धान तुसासकट पाण्यात भिजवतात, वाफ देतात, वाळवतात आणि मग भरडतात. तिथे घडतं ते असं. भिजताना आणि वाफेत सालीतलं थायमिन पाण्यात विरघळतं आणि त्या पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतं. वाफेनं स्टार्च चिकट होऊन घट्ट बसतो आणि आत आलेलं जीवनसत्त्व तिथेच अडकतं. नंतर मिलनं साल काढून नेली तरी ऐवज आत शिल्लक राहतो. ज्या गुणामुळे ते मोरीत वाहून जातं, त्याच गुणामुळे इथे ते वाचतं.

आकडे घ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या, आजही हाताशी ठेवाव्या अशा अन्नघटकांच्या तक्त्यात शंभर ग्रॅम तांदळातलं थायमिन असं दिलं आहे: हातसडीच्या अरव्यात ०.२१ मिलिग्रॅम, मिलच्या अरव्यात ०.०६, मिलच्या उष्ण्यात ०.२१. म्हणजे उष्णा तांदूळ मिलमधून जाऊनही हातसडीच्या बरोबरीला उभा राहतो. दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ खाणारा माणूस धरा, रोवणीच्या दिवसांत हे काही जास्त नाही. मिलच्या अरव्यातून त्याला ०.२४ मिलिग्रॅम मिळेल, उष्ण्यातून ०.८४. त्याची दिवसाची गरज आहे दीड मिलिग्रॅमच्या आसपास, कष्टाच्या कामाला त्याहून जास्त. शिवाय हे कच्च्या तांदळाचे आकडे झाले. तीनदा चोळून धुतला, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकली, की त्यातूनही मोठा वाटा गेला.

इथे कुणीतरी म्हणेल, मग पुन्हा उखळ-मुसळ काढा. आपल्या शेजारी वर्ध्याला मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानं हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला, गांधीजींनी त्यावर पुन्हा पुन्हा लिहिलं. त्यांचं पोषणशास्त्र बरोबर होतं. पण मुसळ कुणाच्या हातात होतं? पहाटे उठून कांडण करणाऱ्या बाईला भरडाईचा हालर गावात आल्यावर जो मोकळा श्वास मिळाला, तो मी जीवनसत्त्वाच्या नावाखाली परत मागणार नाही. हातसडीचा तांदूळ कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवटही होतो.

आणि दोष वाणावर ढकलू नका. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून एचएमटी वाण घडवलं, घड्याळाच्या नावाचा तो बारीक तांदूळ देशभर गेला. त्या माणसानं शेतात डोळे उघडे ठेवले एवढाच त्याचा अपराध. थायमिन बियाण्यात हरवत नाही, मिलच्या पॉलिशमध्ये हरवतं.

आता पोटात जाऊ. थायमिन लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं. आतड्याच्या पेशींच्या आवरणावर त्याच्यासाठी खास वाहक प्रथिनं असतात. अन्नातून येतं तेवढ्या थोड्या प्रमाणाला हे वाहक पुरतात आणि ते काटकसरीनं सगळं उचलतात. शंभर मिलिग्रॅमची गोळी घेतली की वाहक भरून जातात, उरलेलं थोडंफार पाझरून आत शिरतं आणि बाकीचं तसंच पुढे निघून जातं. पेशीत पोचल्यावर थायमिनला दोन फॉस्फेट जोडले जातात, तेव्हा ते कामाला लागतं. काम कोणतं? भात पचून झालेली साखर अर्धवट फुटते, तिथून पुढे तिला ऊर्जेच्या मुख्य चक्रात ढकलणाऱ्या विकराला थायमिन लागतं. म्हणून जितका भात जास्त तितकी थायमिनची गरज जास्त, आणि ज्या ताटात भाताशिवाय फार काही नाही त्याच ताटात ते सगळ्यात कमी. मेंदू, हृदय आणि नसा या अवयवांची ऊर्जेची भूक मोठी, म्हणून पहिला फटका त्यांना.

संपूर्ण शरीरात थायमिनचा साठा किती, तर सुमारे तीस मिलिग्रॅम. येणं बंद झालं तर दोन-तीन आठवड्यांत तळ दिसू लागतो. बाळंतिणीला पथ्य म्हणून नुसता भात आणि मीठ, पालेभाजी नको, डाळ नको, अशी रीत अजून कित्येक घरांत आहे. ती काय करू शकते हे काश्मीरमधल्या डॉक्टरांनी दाखवलं आहे. तिथे पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या, पथ्यावर असलेल्या आयांची, केवळ अंगावर पिणारी तान्ही बाळं अचानक अत्यवस्थ होऊन येत. थायमिनचं इंजेक्शन दिल्यावर काही तासांत त्यांच्यात फरक दिसे. आईच्या ताटात नाही ते दुधातही उतरत नाही.

दारूचा विषय या दोन जिल्ह्यांत काढला की सभा पेटते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीच्या बाजूनं की विरोधात, ते राजकारण तुमच्यावर सोडतो. शरीरशास्त्रापुरतं सांगतो. दारू आतड्यात थायमिनचं शोषण अडवते, यकृतातला साठा घटवते, आणि पिणारा जेवत नाही ते वेगळंच. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून कुणी ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलंसुरलं थायमिन त्या साखरेला पेलण्यात संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून जाणते डॉक्टर आधी थायमिन देतात, मग ग्लुकोज.

बाटलीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. 'सलाईन लावा, ताकद येईल' हा हट्ट आपल्याकडे डॉक्टरपेक्षा रोग्याचाच जास्त असतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. पाच-सहा चमचे. चहात टाकून प्यायलात तरी तीच साखर, आणि चहा स्वस्त पडतो. त्यात बी-कॉम्प्लेक्सची कुपी फोडून टाकली की बाटली पिवळी होते आणि रोगी खूश होतो. तो पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा. संध्याकाळी लघवीही तशीच पिवळीजर्द होते. पैसे कुठे गेले ते डोळ्यांनी दिसतं, फक्त तिकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही.

हे का होतं, ते सी जीवनसत्त्वावर सगळ्यात नीट मोजलं गेलं आहे. बहुतेक प्राणी सी आपल्या शरीरातच बनवतात. माणूस, माकडं, गिनीपिग आणि काही वटवाघळं यांची ती क्षमता उत्क्रांतीत गेली. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सात तरुणांना महिनोन्महिने रुग्णालयात ठेवून, आधी त्यांच्या अंगातलं सी घटवून, मग पायरी-पायरीनं मात्रा वाढवत मोजमाप केलं गेलं. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोचेपर्यंत रक्तातली पातळी झपाट्यानं चढली. त्यानंतर मात्रा कितीही वाढवली तरी ती जवळजवळ सपाट. आपल्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावासारखंच: पाणी सांडव्याच्या पातळीला पोचलं की वरून कितीही पाऊस पडो, तलाव त्याहून भरत नाही. इथे सांडव्याचं काम मूत्रपिंड करतं, आणि आतड्यातले वाहकही मोठ्या मात्रेला हात आखडतात. हजार मिलिग्रॅमच्या वर गेलात तर निम्म्याहून कमी आत जातं. संपूर्ण अंगात सी भरून भरून दीड ग्रॅमच्या आसपास. ते तीनशे मिलिग्रॅमच्या खाली आलं की हिरड्यांतून रक्त, सांधेदुखी, अंगावर डाग, म्हणजे स्कर्व्ही. तिथपर्यंत यायला सी शिवाय एक ते तीन महिने लागतात.

आपल्याकडे सी ची कमतरता असण्याचं खरं तर कारण नाही, निदान जंगलाला लागून राहणाऱ्यांना. आवळा आहे, बोरं आहेत, अंबाडी आहे, पावसाळ्यात तरोटा, कुरडू, केना अशा किती पालेभाज्या विनाकार्ड मिळतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हा वर्तमानपत्रांत सगळी चर्चा बांबूची झाली. मला त्या भाज्या आठवल्या. पण सी उष्णतेनं आणि हवेनं नासतं, उन्हात वाळवलेल्या पाल्यात ते फारसं उरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या ऐन कामाच्या दिवसांत, ताट उणं पडतं. सी चं आणखी एक काम आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं. पालेभाजी आणि धान्यातलं लोह ज्या रूपात असतं त्या रूपात आतडं ते नीट घेत नाही. सी त्या लोहाचं रूप बदलून देतं. पण त्यासाठी दोन्ही एकाच जेवणात पोटात हवीत. सकाळचा आवळा रात्रीच्या भाजीच्या कामाचा नाही.

रक्ताचं नाव काढलं की आपल्या भागात फोलेटकडे यावंच लागतं. त्याची गोष्ट मुंबईत सुरू होते. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विचित्र रक्तक्षय व्हायचा: रक्तपेशी कमी, पण असलेल्या आकारानं मोठ्या. लोहानं तो बरा होत नसे. विल्स यांनी आधी जंतू शोधले, मग ताटं पाहिली, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये जाहीर केलं की यीस्टच्या अर्कानं, बाजारातल्या साध्या मार्माइटनं, या बायका बऱ्या होतात. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या ढिगाऱ्यातून ते वेगळं काढलं गेलं. ते प्रयोगशाळेत बनवलं लेडर्ले कंपनीतल्या ज्या चमूनं, त्याचे प्रमुख होते आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. शोधाचं पहिलं टोक मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत आणि दुसरं एका तेलुगू माणसाच्या हातात, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी ठळक छापायला हवं होतं.

पालेभाजीतलं फोलेट एका लांब शेपटीसकट येतं. आतड्याच्या अस्तरावरचा विकर ती शेपटी तोडतो, मगच वाहक त्याला उचलतो. तोडणं अर्धवट होतं, आतडं जुलाबानं खराब असेल तर आणखी कमी. म्हणून भाजीतल्या फोलेटपैकी साधारण निम्मंच हाती लागतं. गोळीतल्या फोलिक आम्लाला शेपटी नसते, ते सहज शिरतं. फोलेटचं मुख्य काम म्हणजे नव्या पेशीसाठी डीएनए जुळवणं. जिथे पेशी भराभर बनतात तिथे त्याची सतत गरज. गर्भात, आणि हाडातल्या मगजात.

आता सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची दहा ते वीस दिवस. म्हणजे त्या रुग्णाच्या हाडातला मगज सहापट, दहापट वेगानं रक्त बनवत असतो, आयुष्यभर, सुटी न घेता. फोलेटचा खर्च त्याच प्रमाणात वाढतो, आणि अंगातली शिल्लक फार तर तीन-चार महिन्यांची. म्हणून त्याला रोज फोलिक आम्लाची गोळी देतात. पूर्व विदर्भात हा आजार सर्व समाजांत कमीअधिक आहे, गोंड-माडियांत आणि बौद्ध समाजात विशेष. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं अगदी सुरुवातीच्या काळात ज्या प्रश्नांना हात घातला त्यात हा होता. जुलै २०२३ पासून तर राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तरीही घरोघरी गोंधळ दिसतो तो असा: 'रक्त कमी आहे' एवढं ऐकलं की लोहाची लाल गोळी सुरू होते आणि पिवळी छोटी फोलिकची बंद पडते. सिकलसेलच्या रुग्णाचं लोह पेशी फुटल्यामुळे अंगातच परत येत असतं, वारंवार रक्त चढवलेल्याच्या अंगात तर ते साचतंही. लोह द्यायचं की नाही हे तपासूनच ठरवावं. फोलिक मात्र पाण्यात विरघळणारं, रोज वाहून जाणारं. महिनाभर खंड पडून चालत नाही.

आणि आता तो अपवाद, बी-१२. कुठल्याही झाडपाल्यात ते नसतं. ते जंतू बनवतात आणि प्राण्यांच्या मांसातून, माशांतून, अंड्यांतून, दुधातून आपल्याकडे येतं. पोटात पोचल्यावर आम्ल आणि पाचकरस त्याला अन्नातल्या प्रथिनापासून सोडवतात. लाळेतलं एक प्रथिन त्याला धरून पुढे नेतं. लहान आतड्यात स्वादुपिंडाचे रस ती पकड सोडवतात, आणि जठरानं बनवलेला एक खास वाहक त्याला धरतो. ही जोडी सगळं लहान आतडं पार करून अगदी शेवटच्या टोकाला पोचते आणि तिथेच आत घेतली जाते. १९२० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनच्या विल्यम कॅसल यांनी जठरातल्या त्या वाहकाचा माग कसा काढला? स्वतः मांस खायचं, तासाभरानं ते पोटातून बाहेर काढायचं आणि नळीनं रक्तक्षयाच्या रुग्णाला द्यायचं. तेव्हा नैतिक समित्या नव्हत्या.

एका जेवणातून ही वाट जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम नेऊ शकते. पण बी-१२ यकृतात साठतं, काही मिलिग्रॅम, आणि पित्तातून बाहेर पडलेलं पुन्हा शोषलं जातं. म्हणून कमतरता दिसायला वर्षं लागतात. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९० च्या दशकापासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. फोलेट मात्र भरपूर होतं. आणि बी-१२ कमी, फोलेट जास्त अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. शाकाहाराचा आग्रह, दूधही कमी, हे त्यामागे होतं.

भामरागडचं ताट याच्या उलट. माडिया परंपरेनं गाईचं दूध काढत नाहीत, ते वासराचं असतं. पण नदीची मासोळी, झिंगे, सुकी मासोळी, शिकार, कोंबडी, बोदीतल्या गोगलगायी, हे सगळं खाल्लं जातं. त्या ताटाला 'मागास' म्हणून शहाणपण शिकवायला जाणाऱ्यांनी आधी बी-१२ चा तक्ता पाहावा. आश्रमशाळेत घालून त्याच पोरांना वरण-भातावर ठेवलं, आणि अंड्यांवरून वर्षानुवर्षं वाद घातला, की हा फायदा आपण स्वतःच्या हातानं काढून घेतो. इथल्या म्हाताऱ्यांनाही एक सांगणं: ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ तपासून घ्या. नुसत्या फोलिकनं रक्त सुधारतं, पण नसांची इजा आतल्या आत चालू राहते, हात-पाय बधिर होतात आणि कुणाला संशय येत नाही.

हे सगळं सांगितल्यावर रेशनच्या तांदळाकडे येतो, कारण त्याबद्दल विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. केंद्र सरकारच्या पोषणयुक्त तांदळाच्या पथदर्शी योजनेत २०१९-२० मध्ये देशातले पंधरा जिल्हे निवडले गेले, महाराष्ट्रातून गडचिरोली. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रानं दाणे पाडतात आणि शंभर किलोत एक किलो मिसळतात. बऱ्याच ठिकाणी लोकांनी तो वेगळा दाणा निवडून फेकला, 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणाले. दाण्याबद्दल आधी कुणी समजावलं नसेल तर लोकांची ती शंका मला मूर्खपणाची वाटत नाही. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्न खाऊ नये अशी सूचना पूर्वी पिशवीवर छापणं बंधनकारक होतं. तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर २०२४ साली ती अट काढली गेली. सिकलसेलच्या जिल्ह्यात हे दोन्ही निर्णय पत्रकं वाटून लोकांना सांगायला हवे होते.

पण आकडे काय म्हणतात? नियमाप्रमाणे किलोमागे फोलिक आम्ल ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम आणि बी-१२ पाऊण ते सव्वा मायक्रोग्रॅम. माणशी महिन्याला पाच किलो म्हणजे रोज १६७ ग्रॅम. त्यातून फोलिक मिळतं बारा ते एकवीस मायक्रोग्रॅम, गरज आहे दोनशेच्या वर. बी-१२ मिळतं फार तर ०.२ मायक्रोग्रॅम, गरज दोनच्या वर. दहावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी. याला अमृत म्हणणारेही चूक आणि विष म्हणणारेही. आणि गंमत पाहा: ज्या थायमिनपासून मी सुरुवात केली ते या मिश्रणाच्या सक्तीच्या यादीत नाहीच. ते कोंड्याबरोबर तेलाच्या कारखान्यात गेलं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आधारभूत खरेदीत आदिवासी विकास महामंडळ आणि मार्केटिंग फेडरेशन आपलंच धान विकत घेतात, आपल्याच भागातल्या मिलमध्ये त्याची भरडाई होते आणि तोच तांदूळ रेशनला येतो. त्या भरडाईत अंगणवाडी आणि आश्रमशाळेच्या वाट्यापुरता तरी उष्णा का नसावा? केरळात तो आवडीनं खातात. आपल्याला वास येतो म्हणून आपण नाक मुरडतो, पण मुलांना चव लहानपणीच लागते. एखाद्या तालुक्यात वर्षभर करून पाहावं, पोरं खातात की ताटात टाकतात ते मोजावं.

आणि घरी? तांदूळ एकदाच, हलक्या हातानं धुवा. लागेल तेवढंच पाणी घाला. पेज निघालीच तर ती आजाऱ्यापुरती न ठेवता सगळ्यांनी मीठ घालून प्या. शिळ्या भाताची किंवा कोसरीची आंबील करणाऱ्या घरात पाणी फेकलंच जात नाही, तिथे मला शिकवण्यासारखं काही नाही. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा, झाकण ठेवून शिजवा. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकायची सवय असेल तर सोडून द्या, सोड्यानं थायमिन नासतं.

आता प्रश्न घेतो. भरडाईवाले कुणी सभेत असतील तर त्यांनी पहिलं बोलावं, उष्ण्याचा खर्च क्विंटलमागे किती वाढतो ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.